रिकामा न होणारा साचा

पहाटे साडेचारला प्रमिला उठायची. वाडी अजून झोपलेली असायची. ती हंडा घेऊन विहिरीवर जायची, पाणी आणून चूल पेटवायची, भाकऱ्या भाजायची आणि उजाडता उजाडता पायवाटेला लागायची. वाडी तानसा तलावाच्या अंगाला, गावाच्या अगदी कडेला. डांबरी रस्ता गाठायला चांगलं चालावं लागे. तिथून शहापूरची जीप. जीप भरल्याशिवाय हलत नसे, म्हणून प्रमिला पहिल्याच जीपला उभी राही. दुकानाचं शटर वर जायच्या आत ती पायरीशी हजर असायची. एवढ्या लवकर उठणं तिला जड जात नव्हतं. वीटभट्टीवर याच्याही आधी उठावं लागतं.

दुकान माधुरीताईंचं. कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका मेडिकलच्या शेजारी. टायपिंग, प्रिंट, झेरॉक्स, लग्नपत्रिका, ओळखपत्रं, जे येईल ते. तीन कम्प्युटर. एकावर ताई स्वतः, एकावर हरेश. तिसऱ्यावरची मुलगी लग्न होऊन गेली होती. आश्रमशाळेतून बारावी झालेली प्रमिला गणपतीच्या सुमाराला काम विचारायला आली, तेव्हा ताईंनी तिला त्या तिसऱ्या खुर्चीवर बसवलं आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

"दिवाळीपर्यंत शीक. हात बसला तर ठेवीन. नाही बसला तर मला दुसरी बघायला लागेल. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होते. तेव्हा मला शिकवायला टाइम नाही."

प्रमिलाला दिवाळी वेगळ्याच कारणाने कळत होती. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. मुकादम ट्रक आणतो आणि माणसं मुरबाडच्या पुढच्या भट्ट्यांवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. प्रमिलाचा बाप सुक्या आणि आई जानी जन्मभर तेच करत आले. बारावी झाल्यावर प्रमिलानेही दोन हंगाम विटा पाडल्या. जानीचा उजवा खांदा आता वर जात नव्हता. भट्टीवर काम जोडीने चालतं. एकाने चिखल करून द्यायचा, दुसऱ्याने विटा पाडायच्या. जानीच्या जागी प्रमिला जाणार हे घरात न बोलता ठरल्यासारखं होतं. दुकानात हात बसला तरच ती सुटणार होती. एकदा ट्रकात बसली की पुढचं अर्धं वर्ष गेलं, आणि तिसऱ्या खुर्चीवर दुसरी कुणी बसली असती.

म्हणून ती मन लावून शिकत होती. हरेश ठाकूरवाडीतला, तिच्याहून पाचेक वर्षांनी मोठा, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. त्याने तिला उचलायचं आणि टाकायचं दाखवलं.

"हे बघ गो. आधी अक्षरांवरून माऊस ओढून ती काळी कर. असं. आता कंट्रोल दाबून ठेव, सी दाब. उचललं. आता खाली जा. कंट्रोल धर, व्ही दाब. टाकलं. कळलं?"

"कळलं, दादा."

तिला कळलं होतं. पण ते विटांच्या साच्यावरून कळलं होतं. भट्टीवर साचा पाण्यात बुडवून राख भुरभुरवायची, चिखलाचा गोळा जोराने आत मारायचा, वरचा जास्तीचा चिखल हाताने कापून टाकायचा आणि साचा पालथा घालायचा. उचलला की जमिनीवर एक वीट आणि हातात रिकामा साचा. पुढच्या विटेला पुन्हा गोळा आणायचा. रिकाम्या साच्यातून वीट पडत नाही. कंट्रोल सी म्हणजे साचा भरणं, कंट्रोल व्ही म्हणजे पालथा घालणं. प्रमिलाने मनात पक्कं बसवलं.

आणि त्यात ती फसली. एकच गावाचं नाव पंधरा ठिकाणी टाकायचं असलं, तर ती पंधरा वेळा वर जाई, पुन्हा काळं करी, पुन्हा उचली, खाली येऊन टाकी. मान खाली घालून, न थांबता. चहाला उठत नसे, कुणाशी बोलत नसे. तरी हरेशची तीन पानं होत तेव्हा तिचं एक होई.

"पोरी, तू दमत नाहीस हे खरं," माधुरीताई म्हणाल्या. "पण पान काही हलत नाही."

"ताई, आमची प्रमिला दिवसभर माहुलीचा गड चढते नि उतरते," हरेश म्हणाला. "गडावर ठेवलंय काय गो तुझं?"

प्रमिला हसली नाही. ती आणखी जोरात वर-खाली करू लागली.

दसरा झाला. एक दिवस बचतगटाच्या बायका नाचणीच्या पापडांची लेबलं करून घ्यायला आल्या. एका कागदावर एकसारखी लेबलं बसवायची, मग कापायची. काम प्रमिलाकडे आलं. तिने पहिलं लेबल नीट बसवलं, काळं केलं, उचललं, खाली टाकलं. परत वर गेली, उचललं, टाकलं. दुपार कलली होती, पंखा गरगरत होता पण वारा लागत नव्हता. बोटाला घाम आलेला. व्ही दाबताना बोट घसरलं आणि दोनदा दाबलं गेलं.

पडद्यावर दोन लेबलं आली.

प्रमिलाने हात मागे घेतला. तिला वाटलं, काहीतरी बिघडवलं. भट्टीवर न भरता कधी वीट पडली नव्हती. तिने दोन्ही लेबलं वाचली. पापड तेच, गटाचं नाव तेच, वजन तेच. दुसऱ्यात अक्षर कमी नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच एकदा व्ही दाबलं. तिसरं आलं. पुन्हा दाबलं. चौथं. मग ती थांबलीच नाही. लेबलामागून लेबल पडत गेलं आणि बघता बघता पान खालपर्यंत भरलं.

"हरेशदादा," ती म्हणाली, "यो साचा रिकामा व्हत नाय?"

"कुठला साचा?"

"यो. उचललेला. एकदा टाकला तरी आत ऱ्हातो?"

हरेशला आधी काही समजेना. मग प्रमिलाने त्याला चिखल, राख, साचा सगळं सांगितलं. ऐकता ऐकता हसून त्याच्या हातातला चहा हिंदकळून पँटवर सांडला.

"म्हणजे इतके दिवस तू... दर खेपेला... वर जाऊन..." त्याला हसू आवरेना. "अगं बाई गो! ताई, ऐकलंत का? ही एकेक वीट पाडत होती!"

प्रमिलाही हसली. पहिल्यांदाच त्या दुकानात मोठ्याने हसली. बचतगटाच्या बायका काय झालं म्हणून बघू लागल्या. एकट्या माधुरीताई हसल्या नाहीत. त्या प्रमिलाच्या पडद्याकडे बघत होत्या.

"हसू नको, हरेश," त्या म्हणाल्या. "एका कामाला दुप्पट मेहनत करत होती, तरी सांगितलेलं काम सांगितल्या दिवशी देत होती. आता निम्म्या मेहनतीत काय करील ते बघ."

त्या दिवसापासून प्रमिलाने हरेशचा पिच्छा धरला. अजून काय आहे? अजून कुठली बटणं? हरेश चहाच्या वेळेला एक सांगे. सगळी एकदम घेऊन बोटं गोंधळतात हे तिला दोन दिवसांत कळलं. मग तिने रीत ठरवली. एक बटण शिकायचं, आणि बोट न बघता तिथं जायला लागेपर्यंत दुसरं विचारायचं नाही. केलेलं मागे घेणारं कंट्रोल झेड तिला लगेच आवडलं. ओली वीट वाकडी पडली तर ती परत चिखलात टाकता येते, हे तसंच. काम जपून ठेवणारं कंट्रोल एस तर तिने श्वासासारखं लावून घेतलं, कारण शहापूरची लाइट सांगून जात नाही. डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर आणि बाकीची बोटं मोकळी. माऊस बाजूला सरकला. भट्टीवर तिचे दोन हात कधी एकमेकांची वाट बघत बसत नसत. एक चिखल कापत असला की दुसरा राखेकडे गेलेला असे. इथेही हळूहळू तेच होऊ लागलं.

घरी कम्प्युटर नव्हता. तिने सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर कोळशाने बटणं काढली आणि भाकऱ्या झाल्या की ती मांडीवर पसरून बसू लागली. जीपमध्ये गोणीही लागत नसे. नुसती मांडीवर बोटं चालत.

"काय गो परमिला, मांडी का बडवतेस?" जानी विचारी. "वारं-बिरं लागलं का?"

"शिकतंय, आये."

"मांडीवर?"

"बोटांना शिकवतंय. डोक्याला कवाच आलं."

एक दिवस मुकादम काळूराम वाडीत आला. ट्रकात जागा धरायची म्हणून तो दर घराला किती हात, म्हणजे किती माणसं येणार ते विचारत फिरे. सुक्याच्या अंगणात बसून त्याने तेच विचारलं.

"दोन का तीन?"

"अजून ठरला नाय," सुक्या म्हणाला.

"पोरगी कवा ठरवायची? बायकोचा खांदा गेला, तू एकटा काय पाडशील? आन् ती कंपूटरवर काय करते म्हंतात. बटणं दाबून कुनाचा पोट भरला काय रे?"

प्रमिला आतून बाहेर आली. "मुकादम, तुमी दिसभर मोबाइलची बटणं दाबून मानसा गोळा करता. तुमचा भरतो ना?"

सुक्याने मान वळवली, कारण त्याला हसू येत होतं. काळूराम उठला. "दिवाळीच्या पयले सांग," एवढंच सुक्याला म्हणून गेला. तो गेल्यावर सुक्या हसायचा थांबला आणि लेकीकडे बघून म्हणाला, "बोललीस बरा. पन ताई ठेवनार हाय का नाय, त्ये इचार."

"इचारायचा नाय, बाबा. हात बसला का तीच सांगंल."

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मोठं काम होतं. एका क्रीडा मंडळाने तालुक्यातल्या शाळांच्या स्पर्धा घेतल्या होत्या. पोरांची प्रमाणपत्रं करायची होती. प्रत्येकाचं नाव, खेळ, शाळा. मंडळाचे अनंतागुरुजी दुपारी न्यायला येणार होते. बक्षिसं संध्याकाळीच द्यायची होती, मग पोरं सुट्टीला घरी पांगणार. हरेश शाई आणायला कल्याणला गेला होता. माधुरीताईंपुढे काउंटरवर माणसं उभी. प्रमाणपत्रं पूर्ण प्रमिलाकडे.

तिने ती सकाळपासून धरली होती. पोरांची नावं टाइप करायची, शाळेचं नाव वेगळ्या यादीतून एकदा उचलायचं आणि पानापानावर टाकत जायचं. दुसरी शाळा आली की नवं उचलायचं. बोटं बघावी लागत नव्हती. शेवटचं पान झालं तेव्हा गुरुजींचा फोन आला, निघालोय म्हणून. प्रिंट द्यायला फक्त एक बटण दाबायचं होतं.

प्रमिलाने ते दाबलं नाही. भट्टीवर ओळ पाडून झाली की पाडणारा टोकाला उभा राहून एकदा ओळीवरून नजर टाकतो. एकेक वीट बघत बसत नाही. वाकडी असेल ती आपोआप डोळ्यात खुपते. प्रमिलाने पानं लहान केली, बरीच पानं पडद्यावर एकदम दिसतील इतकी लहान. अक्षरं वाचता येईनात. तिला वाचायची नव्हतीच. ती खुर्ची मागे सारून बघत राहिली.

पहिल्या शाळेचं नाव लांबलचक, पार कडेपर्यंत जाणारं. दुसऱ्या शाळेचं नाव अगदी तोकडं. म्हणजे मध्येच कुठेतरी ओळ तोकडी व्हायला हवी होती. होत नव्हती. लांब ओळ चालतच राहिली होती, ती थेट तिसऱ्या शाळेपर्यंत.

ती पडद्याजवळ सरकली. काय झालं ते लगेच कळलं. दुसऱ्या शाळेचं नाव तिने काळं केलं होतं, पण सी वर बोट नीट बसलं नव्हतं. नवं उचललंच गेलं नाही. साच्यात आधीचंच होतं. आणि तो साचा रिकामा होत नाही. जो गुण तिला सापडला होता, त्यानेच दगा दिला होता. साधा साचा असता तर रिकामा पडला असता आणि तिथल्या तिथे समजलं असतं.

ती उठून काउंटरवर गेली.

"ताई, माझ्याकडून चुकलं. एका शाळेची पोरं दुसऱ्या शाळेत गेली."

"किती पोरं?"

"आख्खी शाळा."

माधुरीताईंच्या हातातला कागद तसाच राहिला. "गुरुजी निघालेत गं! एकेक पान दुरुस्त करायला आता टाइम आहे का?"

"एकेक नाय करायचं. मला फक्त जरा बसू द्या."

ती परत बसली. चुकीचं पहिलं पान शोधलं, तिथं उभी राहिली, शिफ्ट धरलं आणि शेवटच्या चुकीच्या पानापर्यंत सगळं काळं करत नेलं. त्याच्या अलीकडचं एक अक्षर नाही, पलीकडचं नाही. मग कंट्रोल एच. एक नाव शोधून दुसरं ठेवायचं बटण. हरेशने ते शिकवून आठवडाही झाला नव्हता. बोट अजून आपसूक जात नव्हतं. वरच्या चौकटीत लांब नाव, खालच्या चौकटीत तोकडं. दोन्ही पुन्हा वाचली. आणि सगळी बदल म्हणून सांगितलं.

क्षणात झालं. पण पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. तिचं बोट एंटरवर टेकलेलं होतं, आणि असल्या चौकटी आल्या की सगळे एंटर मारतात. प्रमिलाने बोट उचललं. इंग्रजी ती सावकाश वाचायची. तिने शब्द शब्द लावून वाचलं. काळं केलेलं झालं, आता उरलेल्या सगळ्या पानांवरही शोधू का, असं ते विचारत होतं. उरलेल्या पानांवर पहिल्या शाळेची खरी पोरं होती. हो म्हटलं असतं, तर तीही सगळी दुसऱ्या शाळेत गेली असती. तिने नाही म्हटलं.

पुन्हा पानं लहान केली, पुन्हा मागे सरकून पाहिलं. लांब ओळी, मग तोकड्या, मग पुढच्या शाळेच्या मध्यम. ओळ सरळ पडली होती. तिने कंट्रोल एस केलं आणि प्रिंट दिली. यंत्र गुरगुरलं आणि पानं पडायला लागली.

अनंतागुरुजी आले तेव्हा शेवटचा गठ्ठा गरम होता. त्यांनी चष्मा लावून मधूनमधून पानं काढून बघितली. पोरांची नावं पाठ असलेला माणूस. बराच वेळ बघून त्यांनी गठ्ठा पिशवीत घातला.

"माधुरीबाई, गेल्या वर्षी दुसरीकडे केली होती, तर खो-खोच्या पोरी कुस्तीत गेल्या होत्या. यंदा कुणी कुठे गेलं नाही ना?"

"गेली होती, गुरुजी," प्रमिला म्हणाली. "परत आणली."

गुरुजी मोठ्याने हसले. त्यांना तो विनोद वाटला. माधुरीताई मात्र हसू दाबायला काउंटरखाली वाकल्या.

गिऱ्हाईक पांगल्यावर हरेश शाईचे खोके घेऊन घामाघूम होऊन आला. ताईंनी त्याला सगळं सांगितलं. तो प्रमिलाच्या पडद्यापाशी गेला, पानं वरखाली करून बघितली आणि म्हणाला, "कंट्रोल एच? आणि त्या इंग्रजी चौकटीला नाही म्हणालीस? पहिल्यांदा मी हो म्हणालो होतो गो. एका लग्नपत्रिकेत नवरीच्या बापाचं नाव नवऱ्याच्या बापाला लागलं होतं."

"मग?"

"मग काय, दोन्ही व्याही एका नावाचे. लोकांनी पत्रिका तशीच वाटली!"

शटर ओढायच्या आधी माधुरीताईंनी प्रमिलाला थांबवलं. "भाऊबीज झाली की सोमवारी ये. शिकाऊ म्हणून नाही. पगारावर. ती खुर्ची तुझी."

"ताई, चूक पण माझीच होती," प्रमिला म्हणाली.

"चूक सगळ्यांची होते. प्रिंटचं बटण दाबायच्या आधी मागे सरकून बघणारी मला अजून भेटली नव्हती. आता पळ, जीप जाईल."

जीपमध्ये तिची बोटं मांडीवर चालली नाहीत. दोन्ही हात तिने नुसते ठेवून दिले होते. वाडीत पोचली तेव्हा सुक्या अंगणात बसला होता.

"ताईनं सांगितलं, बाबा."

सुक्या उठला आणि तसाच काळूरामला निरोप द्यायला निघाला. दारातून जानी ओरडली, "काय सांगशील?"

"दोन हात. पोरगी नाय."

त्या हंगामात सुक्या आणि जानी भट्टीवर गेले. खांदा दुखत असताना जानीने चिखल कालवला, ही गोष्ट प्रमिला विसरली नाही. ती वाडीत मावशीकडे राहिली. साडेचारला उठणं तेच, पायवाट तीच, जीप तीच. लग्नसराईत दुकानात पाय ठेवायला जागा नसे. प्रमिला पत्रिकेमागून पत्रिका काढी आणि प्रत्येक गठ्ठ्याआधी खुर्ची मागे सारून एकदा नजर टाकी. गिऱ्हाईकं "ती पोरगी आहे का" असं विचारत येऊ लागली. ती नसली तर हरेश म्हणे, "मग मी काय नुसता व्याही जुळवायला बसलोय?" पण तोही अडलं की तिलाच विचारी.

पगारातला पैसा तिने इकडेतिकडे जाऊ दिला नाही. एक साडी नाही, मोठा मोबाइल नाही. पाऊस आला, सुक्या-जानी परतले, भात लावून झालं, कापणीला आलं.

पुढच्या दिवाळीआधी शहापूरहून एक टेम्पो डांबरी रस्त्यापर्यंत आला आणि तिथून चौघांनी खांद्यावर घेऊन एक जड खोकं वाडीत आणलं. तोवर वाडीतल्या बायका दळण डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावात जात आणि रांगेत उभ्या राहत. सुक्याने पुढच्या खोलीत जागा सारवून ठेवली होती. वायरमनने जोडणी केली. पहिलं दळण जानीने घरच्या नाचणीचं घातलं, डाव्या हाताने बटण दाबलं आणि खाली पीठ पडायला लागलं तशी चिमूट घेऊन बोटांत चोळून पाहिली. "बारीक पडतो," ती म्हणाली. दारात बायका डबे घेऊन उभ्याच होत्या. त्या वर्षी ट्रक गेला तेव्हा सुक्या आणि जानी त्यात नव्हते. त्यांचं काम घरातच होतं. प्रमिलाच्या पगारातून पिठाची गिरणी आली होती.